पाचोळ्यातलं पाणी आणि वणव्याचा वेग

वणवा म्हटलं की आपल्याला आधी वारा आठवतो. वारा महत्त्वाचा आहेच. पण पडलेली ठिणगी धरणार की विझणार, हे त्याआधी ठरतं ते जमिनीवरच्या मेलेल्या पानात किती पाणी उरलंय त्यावर. झाडावरून गळालेलं पान कितीही ठणठणीत कोरडं दिसलं तरी ते हवेतली वाफ शोषत आणि सोडत राहतं. पहाटे तापमान २५ अंश आणि आर्द्रता ६० टक्के असेल, तर त्यातलं पाणी कोरड्या वजनाच्या साधारण १० टक्क्यांपर्यंत चढतं. दुपारी पारा चाळिशीला टेकला आणि आर्द्रता १५ टक्क्यांवर आली, की ते ३-४ टक्क्यांवर उतरतं. म्हणूनच एकाच जंगलात सकाळी फेकलेली बिडी विझून जाऊ शकते आणि दुपारी फेकलेली अख्खा डोंगर पेटवू शकते.

गवत, पान, काडी असं सहा मिलिमीटरपेक्षा बारीक इंधन हवेतल्या बदलाला तासाभरात प्रतिसाद देतं. बोटाएवढ्या फांदीला दहा तास लागतात, मनगटाएवढ्या ओंडक्याला शंभर आणि मोठ्या पडलेल्या खोडाला हजार तास, म्हणजे चाळीसएक दिवस. अवकाळीची एखादी सर आली की पाचोळा लगेच भिजतो, पण दुसऱ्या दुपारपर्यंत तो पुन्हा ज्वालाग्राही झालेला असतो. उलट पावसाळा चांगला झालेल्या वर्षी जाड लाकूड बराच काळ ओल धरून राहतं. कॅनडाची वणवा-धोका निर्देशांक पद्धत याच कल्पनेवर उभी आहे. दर दुपारचं तापमान, आर्द्रता, वारा आणि चोवीस तासांतला पाऊस एवढ्याच नोंदी घेऊन ती वरचा पाचोळा, त्याखालचा कुजका थर आणि खोलवरचा थर यांचा कोरडेपणा वेगवेगळा मोजते.

या सगळ्याला गणिताचं रूप मिळालं त्यामागे मोठं दुःख आहे. ५ ऑगस्ट १९४९ रोजी अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात मान गल्च नावाच्या घळीत पॅराशूटने अग्निशमन दल उतरलं. आग पलीकडच्या उतारावर होती. वाऱ्यामुळे ती घळ ओलांडून त्यांच्या खाली आली आणि वाळक्या गवतातून वर झेपावली. माणसं चढावर पळत होती. चढावर माणसाचा वेग कमी होतो आणि आगीचा वाढतो, कारण ज्वाळा उताराला बिलगून वरचं गवत आधीच तापवतात. तेरा जणांचा त्यात मृत्यू झाला. दलप्रमुख वॅग डॉज यांनी समोरचं गवत स्वतःच पेटवलं आणि जळून गेलेल्या तुकड्यात पालथे पडून राहिले. मुख्य आगीला तिथे खायला काही उरलं नव्हतं. ती बाजूने निघून गेली आणि ते वाचले.

पुढे १९६० मध्ये त्याच राज्यात, मिझुला इथे वणव्यांवर संशोधन करणारी प्रयोगशाळा सुरू झाली. तिथले रिचर्ड रॉदरमेल मूळचे विमानविद्येचे अभियंते. त्यांनी १९७२ मध्ये मांडलेलं समीकरण आजही अनेक संगणकीय प्रतिकृतींच्या पोटात आहे. त्याचा गाभा सोपा आहे. पेटलेलं इंधन पुढच्या इंधनाला किती उष्णता देतं, तो अंश. पुढचं इंधन पेटण्याच्या तापमानाला पोचायला किती उष्णता लागते, तो छेद. वारा आणि चढ अंश वाढवतात. ओल छेद वाढवते. चुलीत ओलं लाकूड आधी फसफसतं आणि मग पेटतं, तसंच. एक ग्रॅम पाण्याची वाफ करायला सुमारे २,२६० जूल उष्णता खर्च होते, आणि ती आगीलाच मोजावी लागते. म्हणून एका मर्यादेपलीकडे ओल असेल तर आग पुढे सरकतच नाही. आखूड गवताच्या नमुन्यात ही मर्यादा १२ टक्के धरतात. इंधन किती मोकळं पडलंय हेही समीकरणात येतं. सागाची मोठी, वळलेली पानं एकमेकांवर सैल पडतात आणि मधे हवा राहते, त्यामुळे सागाचा पाचोळा भराभर पेटतो.

पण हे समीकरण जमिनीवरून सरकणाऱ्या आगीचं आहे. उडणाऱ्या निखाऱ्यांचं गणित त्यात नाही. ८ नोव्हेंबर २०१८ रोजी कॅलिफोर्नियात हवामान खात्याने धोक्याचा इशारा दिलेला होता. कोरडा वारा सुटलेला असताना उच्चदाबाच्या वीजवाहिनीचा झिजलेला हूक तुटला आणि ठिणगी पडली. वाऱ्याने निखारे आगीच्या पुढे नेऊन टाकले आणि काही तासांत पॅराडाइज हे गाव बेचिराख झालं. ८५ माणसं गेली. अंदाज बरोबर होता, पण गाव रिकामं करायला वेळ पुरला नाही. आता त्या राज्यात डोंगरमाथ्यांवर हजाराहून अधिक कॅमेरे आहेत, आणि २०२३ पासून धूर ओळखणारी संगणकप्रणाली त्यांच्या चित्रांवर नजर ठेवते. मिनिटं वाचवण्याचा हा प्रयत्न मला फार मोलाचा वाटतो.

भारतात पहिली खबर बहुतेकदा उपग्रह देतो. २००४ पासून देहरादूनचं भारतीय वन सर्वेक्षण उपग्रहांच्या नोंदींवरून वन खात्यांना आगीच्या सूचना पाठवतं. सध्या वापरात असलेल्या, उपग्रहांवर बसवलेल्या व्हीआयआरएस संवेदकाच्या चित्रातली एक चौकट, म्हणजे सगळ्यात लहान ठिपका, ३७५ मीटर बाजूची, म्हणजे सुमारे १४ हेक्टरांची. एवढ्या चौकटीत लहानशी आग दिसते कशी? २७ अंशांच्या जमिनीच्या तुलनेत सव्वापाचशे अंशांची ज्वाला ११ मायक्रॉन तरंगलांबीला सुमारे १९ पट प्रारण, म्हणजे किरणांतून बाहेर पडणारी ऊर्जा, देते, पण ४ मायक्रॉनला तब्बल १,८०० पट. म्हणजे चौकटीचा हजारावा भाग, जेमतेम १४० चौरस मीटर, पेटला तरी ४ मायक्रॉनमधली चमक जवळजवळ तिप्पट होते. ११ मायक्रॉनमध्ये ती दोन टक्केही वाढत नाही. दोन्ही चित्रांतला फरक काढला की आग सापडते. तापलेला खडक कधीकधी फसवतो आणि दाट ढग आड आले तर काही दिसत नाही.

खरी अडचण वेळेची आहे. हे उपग्रह आपल्यावरून साधारण दुपारी दीड आणि रात्री दीडच्या सुमारास जातात. तीन वाजता लागलेली आग पुढल्या फेरीपर्यंत नजरेआड राहते. भूस्थिर, म्हणजे आकाशात एकाच जागी स्थिर दिसणारा, इन्सॅट उपग्रह दर अर्ध्या तासाला पाहतो, पण त्याच्या अवरक्त (उष्णता टिपणाऱ्या) चित्रातली चौकट चार किलोमीटरची. आणि पाचोळा सगळ्यात कोरडा असतो तो नेमका तिसऱ्या प्रहरी.

म्हणून मला वाटतं, मेळघाट किंवा गडचिरोलीसारख्या भागांत सूचनेइतकाच भर आधीच्या मोजणीवर द्यावा. तिथले बहुतेक वणवे माणसाच्या हातून लागतात. मोहाची फुलं वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळतात, तेंदूला नवी पालवी यावी म्हणून आग लावतात. वनमजूर जाळरेषा, म्हणजे आग अडवायला मोकळे केलेले पट्टे, काढतात, ब्लोअरने पानं बाजूला सारतात. पण आज पाचोळ्यात पाणी किती, हा आकडा त्यांच्याकडे आणि गावाकडे असावा. त्यासाठी अमेरिकेत वर्षानुवर्षं वापरात असलेलं साधन अगदी साधं आहे: अर्धा इंच जाडीच्या लाकडी दांड्यांची जोडणी, पूर्ण कोरडी असताना वजन बरोबर १०० ग्रॅम. ती उघड्यावर ठेवायची आणि रोज दुपारी तोलायची. काटा १०६ दाखवत असेल तर फांद्यांमध्ये सहा टक्के ओल आहे आणि पाचोळा बहुधा त्याहूनही कोरडा आहे. अशा दुपारी मोहाखाली काडी ओढू नका, हे वनरक्षकाला सकाळीच पाड्यावर जाऊन सांगता येईल, कारण आदल्या दिवशीचा आकडा आणि आजचं हवामान दोन्ही त्याच्या हाताशी असेल.