एका वेळी एकच आवाज

हातात मावणाऱ्या पाच वॉटच्या व्हीएचएफ (अति उच्च फ्रीक्वेन्सीच्या) वायरलेस सेटवरून फार लांब बोलता येत नाही. या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात आणि जमिनीपासून दीड मीटरवर धरलेल्या अँटेनाचं क्षितिज पाचेक किलोमीटरवर संपतं. पलीकडचाही तसाच सेट घेऊन उभा असेल, तर सपाट माळावर दहा किलोमीटर म्हणजे डोक्यावरून पाणी. उंचीवर गेलं की हे गणित बदलतं. सिंहगड भोवतालच्या मुलखापेक्षा साडेसातशे मीटर उंच आहे. तेवढ्या उंचीवरून रेडिओचं क्षितिज शंभर किलोमीटरच्या पुढे सरकतं. म्हणून हौशी रेडिओवाले, म्हणजे हॅम, डोंगरावर किंवा उंच इमारतीच्या गच्चीवर रिपीटर बसवतात. तो एका फ्रीक्वेन्सीवर ऐकतो आणि ऐकलेलं त्याच क्षणी दुसऱ्या फ्रीक्वेन्सीवर जास्त ताकदीने पाठवतो.

१४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या बँडमध्ये या दोन फ्रीक्वेन्सींत सहसा फक्त ०.६ मेगाहर्ट्झचं अंतर असतं. बहुधा अँटेना एकच, त्यातून २५ वॉट बाहेर चाललेत आणि त्याच वेळी लांबच्या कुणाचा ०.२ मायक्रोव्होल्टचा सिग्नल आत येतोय. बाहेर जाणारी शक्ती आत येणारीच्या किती पट? ३ वर १६ शून्यं! आपल्याच आवाजाने रिपीटर बहिरा होऊ नये म्हणून मध्ये धातूच्या नळकांड्यांचे फिल्टर लावतात आणि ते हाताने, अगदी बारकाईने जुळवावे लागतात. हे सगळं हॅम मंडळी सहसा वर्गणीतून आणि स्वतःच्या सुट्ट्या खर्चून उभं करतात. रिपीटर वापरताना एवढं तरी लक्षात असावं.

रिपीटरवरचे शिष्टाचार कुणी मनाला येईल तसे ठरवलेले नाहीत. ते एफएमच्या, म्हणजे या सेटवर आवाज पाठवायच्या पद्धतीच्या, स्वभावातून आले आहेत. एफएम रिसीव्हरकडे एकाच फ्रीक्वेन्सीवर दोन सिग्नल आले, तर थोडा जरी जोरदार असेल तो जिंकतो आणि दुसरा जवळपास पुसला जातो. दोन्ही सारख्या ताकदीचे असतील तर नुसती किंचाळी ऐकू येते. गाडीतला ५० वॉटचा सेट बोलू लागला की दूरच्या खेड्यातून पाच वॉटवर बोलणारा गायब होतो. आणि दोघांनाही त्याचा पत्ता नसतो, कारण बोलण्याचं बटण दाबलेलं असताना साध्या सेटचा कान बंद असतो. ज्याच्याकडून चूक होते त्यालाच ती ऐकू येत नाही, म्हणून बटण दाबण्याआधी थोडा वेळ ऐकणं हा मला सगळ्यांत महत्त्वाचा नियम वाटतो.

समोरच्याचं बोलणं संपलं की लगेच बटण दाबू नये. एक-दोन सेकंद जाऊ द्यावेत. त्या फटीत तिसऱ्याला स्वतःची कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरची ओळख, सांगता येते, आणि तो तिसरा घाटात अपघात पाहून मदत मागणारा असू शकतो. रिपीटरमधला टायमरही अनेक ठिकाणी त्या फटीतच पुन्हा शून्यावर येतो. सलग तीनेक मिनिटं कुणी बोलत राहिलं तर तो रिपीटर गप्प करतो. कुणाचं बटण अडकून पडलं तर ट्रान्समीटर तापून जळू नये, यासाठी ही सोय आहे.

बटण दाबल्यावर अर्धा सेकंद थांबून मगच तोंड उघडावं. सेट आवाजासोबत एक खोल, न जाणवणारा सूर पाठवतो. तो ओळखल्याशिवाय रिपीटर जागा होत नाही. घाई केली तर नेमकं कॉलसाइनचं पहिलं अक्षर खाल्लं जातं. रिपीटर चालू आहे का हे पाहायला नुसतं बटण दाबून सोडून देणं मात्र मला अजिबात पटत नाही. ऐकत बसलेल्या सगळ्यांचे सेट विनाकारण खडखडतात. कॉलसाइन सांगून ‘टेस्टिंग’ म्हणायला कितीसा वेळ लागतो? आणि समोरचा थेट ऐकू येत असेल तर रिपीटर सोडून दुसऱ्या फ्रीक्वेन्सीवर जावं.

या शिस्तीचा खरा कस आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरच्या रिपीटरवर लागतो. २ सप्टेंबर २०२० रोजी तो सुरू झाला. तो १४५.९९० मेगाहर्ट्झवर ऐकतो आणि ४३७.८०० वर बोलतो. स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर असल्याने त्याचं क्षितिज सव्वादोन हजार किलोमीटरच्या आसपास जातं. ते नागपूरवर असताना काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंतचे सगळे हॅम एकाच वाहिनीवर असतात, आणि एका फेरीला मिळतात जेमतेम दहा मिनिटं. स्थानकाच्या वेगामुळे त्याची फ्रीक्वेन्सी सरकते. ते क्षितिजावर उगवताना ती १० किलोहर्ट्झ वर असते, मावळताना तितकीच खाली, त्यामुळे सेटची फ्रीक्वेन्सी सतत जुळवत राहावी लागते.

इथे ऐकण्याचा आणि बोलण्याचा बँड वेगळा असतो. दुसरा रिसीव्हर कानाला लावला तर आपलाच आवाज वरून परत येताना ऐकू येतो आणि आपण कुणावर चढलोय का तेही कळतं. स्थानक ऐकूच येत नसेल तर बोलू नये. ऐकू येत असेल तर कॉलसाइन आणि आपल्या जागेचा चार अक्षर-अंकी ग्रिड (नकाशावरच्या चौकोनाचा संकेत) सांगून बाजूला व्हावं; हवापाण्याच्या गप्पा तिथे नकोत. ज्याचा संपर्क झालाय त्याने उरलेली मिनिटं अजून एकदाही न लागलेल्या कमजोर सिग्नलसाठी सोडावीत. साधारण दीड तासात स्थानक पृथ्वीची आणखी एक प्रदक्षिणा पूर्ण करतंच.