नववी चिप

सर्व्हरसाठी रॅमची नवी पट्टी हातात आली की मी आधी तिच्यावरच्या काळ्या चिप मोजते. घरच्या कॉम्प्युटरच्या पट्टीवर एका बाजूला सहसा आठ असतात. डीडीआर-४ या पिढीच्या रॅममध्ये सर्व्हरच्या साध्या पट्टीवर त्याच ओळीत नऊ. रॅम वाढवायची म्हटली की किती जीबी, हे सगळेच विचारतात. या नवव्या चिपची चौकशी फारसं कुणी करत नाही, आणि माझ्या मते पहिला प्रश्न तिचाच असायला हवा.

रॅममधला एक बिट म्हणजे एक इवलासा कपॅसिटर आणि एक ट्रान्झिस्टर. या रचनेचं पेटंट आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांना १९६८ मध्ये मिळालं. कपॅसिटरमध्ये विद्युतभार आहे की नाही, यावर १ की ० ते ठरतं. हा भार सारखा गळत असतो, म्हणून साधारण ६४ मिलिसेकंदांच्या आत प्रत्येक कप्पा वाचून पुन्हा भरावा लागतो. इतक्या नाजूक साठ्याला धक्का लागायला कितीसा वेळ? अवकाशातून आलेले कण वातावरणावर आदळतात, त्यातून सुटलेला एखादा न्यूट्रॉन चिपमध्ये घुसतो आणि बिट उलटतो.

२००३ मध्ये बेल्जियममधल्या स्कारबेक इथे मतमोजणीत एका उमेदवाराला ४०९६ मतं जास्त दिसली. शक्य होती त्याहून जास्त मतं पडल्यामुळे घोळ लक्षात आला. ४०९६ म्हणजे दोनाचा बारावा घात, नेमका एका बिटाचा फरक. प्रोग्रॅममध्ये चूक सापडली नाही. बिट आपोआप उलटला असावा, असाच निष्कर्ष निघाला.

मात्र सगळा दोष आकाशाला देऊ नये. गूगलच्या सर्व्हरवर झालेला आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो, की वर्षभरात ८ टक्क्यांहून जास्त पट्ट्यांमध्ये चुका आढळल्या, आणि त्यातल्या बऱ्याच चुकांचं मूळ पट्टीतल्याच बिघाडात होतं.

या चुका पकडण्याची युक्ती रॅमच्या या चिपपेक्षा जुनी आहे. अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत गणितज्ञ रिचर्ड हॅमिंग शनिवार-रविवारी यंत्रावर गणितं लावून जात. यंत्राला चूक कळायची, पण ते काम सोडून पुढच्याकडे वळायचं. चूक झाली हे कळतं, तर कुठे झाली हे का कळू नये, या त्राग्यातून त्यांचा १९५०चा शोधनिबंध आला.

सात बिट ओळीत मांडा. त्यांचे तीन गट करा: पहिल्यात १, ३, ५, ७, दुसऱ्यात २, ३, ६, ७, तिसऱ्यात ४, ५, ६, ७ क्रमांकाचे बिट. १, २ आणि ४ या जागा राखणदारांच्या. प्रत्येक राखणदार आपल्या गटातल्या एकांची संख्या सम ठेवतो. आता सहावा बिट उलटला, तर पहिला गट ठीक, दुसरा आणि तिसरा बिघडलेला. बिघडलेल्या गटांचे राखणदार २ आणि ४. बेरीज करा: ६. चूक कुठे आहे, तो पत्ता मिळाला! तो बिट पुन्हा उलटला की झालं. इतकी देखणी बेरीज मी क्वचितच पाहिली आहे.

रॅममधून एका वेळी वाचल्या जाणाऱ्या ६४ बिटांसाठी असे सात राखणदार लागतात, आणि दोन बिट एकदम बिघडले तर निदान कळावं म्हणून आणखी एक. एकूण ७२. आठ-आठ बिट देणाऱ्या चिप घेतल्या, तर बरोबर नऊ. हाच ईसीसी, म्हणजे चूक दुरुस्त करणारा कोड.

म्हणून सर्व्हरची रॅम वाढवताना घरच्या कॉम्प्युटरची स्वस्त पट्टी घेऊ नका. डीडीआर-४मध्ये ती त्याच स्लॉटमध्ये बसते, पण सर्व्हरच्या रजिस्टर्ड पट्टीसोबत (जिच्यावर सूचना पुढे पोचवणारी वेगळी चिप असते) लावली तर मशीन सुरूच होत नाही. कुठले स्लॉट आधी भरायचे, ते झाकणाच्या आतल्या आकृतीवर बहुधा छापलेलं असतं. त्याप्रमाणे सगळ्या चॅनेलवर, म्हणजे प्रोसेसर आणि रॅममधल्या वाटांवर, सारख्या पट्ट्या लावल्या तर वेगही मिळतो. प्लग काढा, मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधा, पट्टी कडांना धरा आणि दोन्ही टोकांचे खटके वाजेपर्यंत सरळ दाबा.

पहिल्यांदा सुरू करताना स्क्रीन काही मिनिटं काळीच राहू शकते. प्रोसेसर नव्या पट्ट्यांशी जुळवून घेत असतो, तेव्हा घाबरून बटण दाबू नका. रात्रभर मेमरी टेस्ट लावा आणि सकाळी लॉग, म्हणजे मशीनने ठेवलेली चुकांची नोंद, उघडा. दुरुस्त झालेली एखादी चूक दिसली तर चालेल. तोच स्लॉट पुन्हा पुन्हा दिसला, तर वॉरंटी आहे तोवर ती पट्टी परत करा.