रात्रीचा ज्वालामुखी: मुलाबाळांसह किती जवळ जावे?

नाशिककर तसे लाव्हावरच राहतात. पांडवलेणी ज्या काळ्या पाषाणात कोरली आहेत तो बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या लांबलचक भेगांतून वाहत आला आणि थरावर थर साचत गेला. ब्रह्मगिरीला विझलेला ज्वालामुखी समजण्याची चूक मात्र करू नये. झीज होऊन उरलेला तो त्याच थरांचा डोंगर आहे. तोंडाशी धगधगते विवर पाहायचे तर लांब जावे लागते.

कुटुंबासाठी आमची पसंती इटलीच्या स्ट्रॉम्बोलीला. सिसिलीच्या उत्तरेला समुद्रातून वर आलेला हा ९२४ मीटरचा डोंगर शतकानुशतके धुमसतो आहे आणि साधारणपणे काही मिनिटांनी एकदा उसळतो. नळीतल्या शिलारसात वायूचे बुडबुडे एकत्र येऊन मोठा फुगा होतो आणि वर येऊन फुटतो. दाट पिठले रटरटताना शिंतोडे उडतात तसेच, फक्त हे शिंतोडे सुमारे हजार अंशांचे.

दिवसा यातले फारसे दिसत नाही. उन्हापुढे लाव्हाचा उजेड फिका पडतो आणि राखाडी धूर, काळी ढेकळे एवढेच हाती लागते. अंधारात रंग तापमान सांगतो: सहाशे अंशांच्या आसपास मंद लाल, नऊशेच्या पुढे नारिंगी, अकराशेला पिवळट. उडालेला गोळा नारिंगी निघतो आणि उतारावर गडगडेपर्यंत काळपट लाल होतो, म्हणजे काही सेकंदांत त्याची साल थंड झालेली असते. विवरावरचा लाल ढग म्हणजे ज्वाळा नव्हे. वाफेवर पडलेला खालचा उजेड आहे.

अंतरही मोजता येते. उसळी दिसल्यापासून आवाज येईपर्यंतचे सेकंद मोजावेत. तीन सेकंद म्हणजे साधारण एक किलोमीटर. स्फोट विवराच्या आत खोल झाला असेल तर गोळे कड्यावर येईपर्यंत थोडा वेळ गेलेला असतो, त्यामुळे हा हिशेब अंतर कमी दाखवतो. मुलांना हे काम द्यावे, दोन उसळ्यांमधली कंटाळवाणी वाटही सरते.

चढून जावे की बोटीतून पाहावे? ३ जुलै २०१९ च्या मोठ्या स्फोटात एका पदयात्रीचा जीव गेला. तेव्हापासून शिखरापर्यंतची चढाई बंद आहे. खालच्या वाटांवर कुठवर जाता येईल हे धोक्याच्या पातळीनुसार बदलते, म्हणून त्या दिवशीचा नियम तिथेच विचारावा. लहान मुले आणि आजी-आजोबा बरोबर असतील तर बोटच बरी. जळते दगड वायव्येच्या उतारावरून समुद्राकडे घरंगळतात, ते तिथूनच समोर दिसते. मे महिन्याची सुट्टी सोयीची, पण तिथे तेव्हा सूर्य आठच्या सुमारास मावळतो. खरा अंधार नऊच्या सुमारास, त्यामुळे मुलांची दुपारची झोप करून घ्यावी. बोट लागत असेल तर उलटीची गोळी चढण्याआधी घ्यावी, मळमळ सुरू झाल्यावर नाही.

अंधाराला डोळे सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात आणि मोबाइलचा एक पांढरा टॉर्च ते सगळे पुसून टाकतो. लाल उजेडाची डोक्याची बॅटरी न्यावी.

जमिनीवरून फोटो काढायचा तर तिवई, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला दाद देण्याची क्षमता) ४०० ते ८००, शटरची उघडझाप आठ ते पंधरा सेकंद, फोकस हाताने. गोळ्यांच्या कमानी नीट उमटतात. याहून जास्त वेळ ठेवला तर मधोमध पांढरा डाग पडतो. बोटीत तिवईचा उपयोग नाही, कारण डेकच हलतो. तिथे आयएसओ ३२०० किंवा जास्त ठेवून पाव सेकंदाहून कमी वेळ द्यावा.

खरा घोळ वायूंचा. एन-९५ मास्क राख अडवतो, सल्फर डायऑक्साइड नाही. त्याला वायूचा फिल्टर लागतो. वारा विवरावरून ज्या बाजूला वाहतो ती जागा दमेकऱ्यांनी टाळावी. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड, तो खळग्यांत साचतो आणि त्याला वासही नसतो. उंची कमी असल्याने मुलांना धोका आधी, म्हणून खोलगट जागी बसवू नये. इंडोनेशियातल्या इजेन ज्वालामुखीची निळी ज्वाळा लाव्हाची नव्हे, जळणाऱ्या गंधकाच्या वायूची. लहान मुलांना तिथे विवरात उतरवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

नियमित उसळणाऱ्यापेक्षा गप्प बसलेला, पाणी मुरलेला ज्वालामुखी जास्त दगाबाज असतो. मुरलेल्या पाण्याची एकाएकी वाफ झाली की पूर्वसूचना फारशी मिळत नाही. जपानच्या ओंताकेवर २७ सप्टेंबर २०१४ ला ६३ माणसे मृत वा बेपत्ता झाली. तेव्हा इशारा सर्वांत खालच्या पातळीचा होता.

वाटेत दगड उडू लागले तर पाठ फिरवून पळू नये. हेल्मेट घालून वर बघावे. जो गोळा जागचा हलताना दिसत नाही, नुसता मोठा होत जातो, तो आपल्याकडे येतोय, त्याच्या वाटेतून बाजूला व्हावे.

कॉन्टॅक्ट लेन्सऐवजी चष्मा घालावा. राख म्हणजे काचेचा चुरा, त्यामुळे डोळे चोळायचे नाहीत, पाण्याने धुवायचे. कॅमेऱ्याची काचही आधी फुंकणीने झटकायची, मगच पुसायची.