आधी बोर्डिंग, मग कॉलेज: नाशिकच्या कला शाखेमागचा इतिहास

नाशिकच्या कॉलेज रोडवर आज कपड्यांची दुकानं, कॅफे आणि क्लासेसचे फलकच जास्त दिसतात. ज्या कॉलेजमुळे या रस्त्याला नाव मिळालं ते हंसराज प्रागजी ठाकरसी कला महाविद्यालय, म्हणजे आपलं एचपीटी, १९२४ साली सुरू झालं. शहरातल्या विद्यार्थीजीवनाची गोष्ट बहुतेक जण तिथूनच सांगायला लागतात. माझ्या मते ती गोष्ट त्याच्या दहा वर्षं आधी सुरू होते, १९१४ साली, उदोजी मराठा बोर्डिंगपासून. नाशिकमध्ये मुलांच्या राहण्या-जेवणाची सोय आधी झाली आणि कॉलेज मागाहून आलं. कला शाखेत कोण शिकणार आणि कोण मॅट्रिकवरच थांबणार, हे पुढेही बरंचसं या सोयीवरच ठरत गेलं.

त्याआधीची परिस्थिती अशी होती की नाशिकमध्ये हायस्कूल होतं, १८४० साली स्थापन झालेलं सार्वजनिक वाचनालय होतं, पण मॅट्रिकच्या पुढे काहीच नव्हतं. मुंबई विद्यापीठ १८५७चं, पुण्याचं फर्ग्युसन १८८५चं. म्हणजे पदवी हवी असेल तर गाव सोडणं आलं. स्टेशन शहरापासून दूर. १८८९ साली ट्राम आली तेव्हा तिथवर पोचणं सोपं झालं, पण खर्च होता तो स्टेशनच्या पलीकडचा. विनायक दामोदर सावरकर नाशिकच्या हायस्कूलमधून १९०१ साली मॅट्रिक झाले आणि पुढच्या वर्षी फर्ग्युसनला गेले, तेव्हा त्यांच्या शिक्षणाचा भार सासऱ्यांनी उचलला. १९०५ साली पुण्यात विदेशी कपड्यांची होळी केल्याबद्दल त्यांना दहा रुपये दंड झाला आणि वसतिगृहातून काढण्यात आलं. दंड भरता येत होता, पण परगावच्या विद्यार्थ्याचं छप्पर काढून घेणं ही त्या काळी खरी शिक्षा होती. ज्यांच्या पाठीशी असे सासरे नव्हते, त्यांची नावं कुठल्याच कॉलेजच्या दप्तरात सापडणार नाहीत.

शहरात शिकायला आलेल्या गरीब मुलांसाठी एक जुनी रीत होती: वार लावून जेवणं. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, असे सात वार सात घरांत लावून मुलगा शिकायचा. त्यावर अनेक नामवंत मोठे झाले आणि त्यांनी कृतज्ञतेने ते लिहूनही ठेवलं. पण हे वार मुख्यतः ब्राह्मण घरांत आणि ब्राह्मण मुलांनाच लागत. निफाडच्या किंवा दिंडोरीच्या शेतकऱ्याच्या मुलाला पंचवटीत कोण वार देणार? अस्पृश्य मानलेल्या मुलाचा तर प्रश्नच नव्हता. फी माफ करून घेता आली असती, पुस्तकं उसनी मिळाली असती, पण रात्री कुठे झोपायचं आणि सकाळी काय खायचं हे कोण सांगणार?

महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक विचारातून आलेल्या मंडळींनी नेमकं हे ओळखलं. रावसाहेब थोरात, भाऊसाहेब हिरे, काकासाहेब वाघ, गणपतदादा मोरे ही नावं आज शाळा-कॉलेजांच्या पाट्यांवर दिसतात. त्या पिढीने नाशिक जिल्ह्यात आधी बोर्डिंग उभं केलं आणि त्यातूनच पुढे मराठा विद्या प्रसारक समाज ही संस्था वाढली. प्रेरणा उघडच कोल्हापूरची होती. तिथे राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून जातीजातींची वसतिगृहं उभी केली होती. १९२० साली महाराज स्वतः नाशिकला आले आणि उदोजी वसतिगृहाच्या इमारतीची कोनशिला त्यांच्या हस्ते बसली. जातवार वसतिगृहांवर तेव्हाही टीका झाली, आजही होते. त्या टीकेत तथ्य आहे असं मानूनही मी म्हणेन की ती झाली नसती, तर जिल्ह्यातल्या शेतकरी घरांतल्या पहिल्या पदवीधरांची पिढी आणखी कितीतरी वर्षं लांबली असती.

एचपीटीची गोष्ट वेगळ्या वाटेने आली. गोपाळ कृष्ण गोखले १९१५ साली गेले. फर्ग्युसनमध्ये त्यांनी गणितापासून इतिहास-अर्थशास्त्रापर्यंत सगळं शिकवलं होतं आणि १९११ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं होतं. त्यांच्या नावाने प्राचार्य टी. ए. कुलकर्णी यांनी १९१८ साली मुंबईत गोखले एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि सहा वर्षांनी नाशिकला कॉलेज काढलं. मुंबई-पुण्याबाहेर, एका तीर्थक्षेत्राच्या गावात कला शाखेचं कॉलेज चालवणं हे तेव्हा धाडसच होतं.

त्या काळचा अभ्यासक्रम आज वाचला की नवल वाटतं. मुंबई विद्यापीठाच्या इंटर आर्ट्सच्या मुलापुढे इंग्रजी, संस्कृत किंवा फारसी, इतिहास, तर्कशास्त्र असे विषय असत आणि त्यानंतर बी.ए.ला तो एका विषयाकडे वळे. आज खाजगी विद्यापीठं लाखोंची फी घेऊन ‘लिबरल आर्ट्स’ म्हणून जे देतात, त्याचा गाभा या इंटरमध्ये होता. उणीव होती ती मराठीची. न्यायमूर्ती रानड्यांनी आयुष्याच्या अखेरपर्यंत प्रयत्न केले, तेव्हा कुठे विसाव्या शतकाच्या तोंडावर विद्यापीठाच्या वरच्या परीक्षांत मराठीला पुन्हा जागा मिळू लागली.

कॉलेज लहान असल्याचा एक फायदा असा की विद्यार्थी चार भिंतींत मावत नाहीत, गावातच वावरतात. वि. वा. शिरवाडकर, म्हणजे पुढचे कुसुमाग्रज, याच कॉलेजचे. लहानपण पिंपळगाव बसवंतला, शाळा नाशिकला, आणि कॉलेजात असतानाच कविता मासिकांत छापून यायला लागलेल्या. त्याच वर्षांत गोदाकाठी काय चाललं होतं? २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. स्थानिक संघटनेची धुरा दादासाहेब गायकवाडांकडे होती आणि लढा पाच वर्षं चालला. विशीतले शिरवाडकर १९३२ साली त्या सत्याग्रहात सामील झाले. समतेचा धडा कुठल्या पाठ्यपुस्तकात होता की नव्हता मला माहीत नाही, पण तो घाटावर समोर घडत होता आणि एक कवी तिथे उभा होता. नाशिकमधल्या कला शिक्षणाबद्दल मला सगळ्यात जवळची वाटणारी गोष्ट हीच आहे.

पुढे वसंत कानेटकर याच कॉलेजात मराठी शिकवायला आले आणि नाशिकमध्ये राहूनच त्यांनी मराठी रंगभूमी गाजवली. सकाळी तासाला शिकवणारे सर रात्री ज्यांचं नाटक लागलंय तेच, हे अप्रूप त्या मुलांना लाभलं. गॅदरिंग, वक्तृत्व स्पर्धा, भित्तिपत्रकं या सगळ्याला त्यामुळे वजन आलं.

स्वातंत्र्यानंतर चित्र झपाट्याने बदललं. १९४९ साली पुणे विद्यापीठ सुरू झालं आणि नाशिक मुंबईकडून पुण्याकडे गेलं. त्याहून मोठा बदल मात्र लाल गाडीने घडवला. १ जून १९४८ रोजी पहिली एसटी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली आणि पुढच्या दोन दशकांत ती गावोगाव पोचली. त्याच सुमारास आर्थिकदृष्ट्या मागास पालकांच्या मुलांना फी माफीची ईबीसी सवलत आली. वर्षाचं उत्पन्न बाराशे रुपयांच्या आत असेल तर फी नाही, हे जुन्या पिढीतल्या कितीतरी शिक्षकांच्या तोंडी अजून असतं. फी सुटली, गाडी आली, आणि १९६९ साली गंगापूर रोडला मराठा विद्या प्रसारकचं केटीएचएम कॉलेजही आलं. कर्मवीर थोरात, हिरे आणि मुरकुटे यांच्या नावांची ही आद्याक्षरं आहेत.

त्या काळातला एसटीचा डबा जरा जवळून पाहण्यासारखा आहे. गावाकडून पहाटेच्या गाडीने आई डबा पाठवायची. पितळी नाहीतर स्टीलचा, कापडी पिशवीत घातलेला, पिशवीवर दोऱ्याने किंवा शाईने नाव आणि गाव. तो ड्रायव्हरच्या सीटमागे किंवा बॉनेटजवळ ठेवलेला असायचा. गाडी सीबीएसला, म्हणजे नाशिकच्या मध्यवर्ती स्टँडला, लागली की खोलीवर राहणारी पोरं स्टँडवर हजर. आपली पिशवी ओळखायची, कालचा रिकामा धुतलेला डबा त्याच गाडीत परत ठेवायचा, जमलं तर त्यात एक चिठ्ठी सरकवायची. भाकरी, एखादी सुकी भाजी, ठेचा. गाडी चुकली तर डबा गावाला परत जायचा आणि त्या दिवशी खोलीतल्या दुसऱ्याच्या डब्यात हात घालायचा. वार लावण्यात जी उपकाराची बोच होती, ती या डब्यात नव्हती. एकाच खोलीत सटाणा, येवला आणि सिन्नरचे डबे एकत्र उघडले जायचे, आणि जातवार बोर्डिंगमधून ज्या सरमिसळीची वाट लोक पाहत होते ती थोडीफार या भाड्याच्या खोल्यांतून झाली.

मुलींना मात्र ही वाट फार उशिरा मिळाली. खोली घेऊन एकटं राहणं त्यांना कुणी करू देत नव्हतं. शेवटच्या गाडीने घरी पोचता येईल तेवढंच कॉलेज त्यांच्या वाट्याला येई. संध्याकाळच्या तालमी, वाचनालयातली बैठक, घाटावरच्या वसंत व्याख्यानमालेतली रात्रीची व्याख्यानं हे सगळं गाडीच्या वेळेपुढे संपायचं.

नंतरची घसरण सगळ्यांना ठाऊक आहे. सत्तरच्या दशकात दहा-अधिक-दोन-अधिक-तीनचा आकृतिबंध आला, अकरावी-बारावीचा मोठा घोळका कॉलेजात शिरला आणि इंटर गेलं. १९८३ साली विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी मिळाली आणि लवकरच नाशिकमध्येही ती उभी राहिली. कमी मार्क पडले म्हणून आर्ट्सला, हे वाक्य घराघरांत ऐकू येऊ लागलं. १९९४च्या विद्यापीठ कायद्याने खुल्या निवडणुका बंद करून मार्कांवर प्रतिनिधी नेमायला सुरुवात केली. हिंसेला आळा घालणं गरजेचं होतं, पण त्याबरोबर मुलांचं सभेत उभं राहून बोलणंही आटलं. आज बी.ए. करणारी बरीच मुलं दिवसभर अभ्यासिकेत एमपीएससीची तयारी करतात आणि वर्गात क्वचित दिसतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. घराने एक वर्ष अंगावर घेतलेलं असतं आणि त्याचा हिशेब त्यांना द्यायचा असतो.

राहण्या-जेवणाचा प्रश्न आता पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरच्या आदिवासी मुलांकडे आलाय. राज्याचं आदिवासी विकास आयुक्तालय नाशिकमध्येच आहे. २०१८ साली सरकारी आदिवासी वसतिगृहांतली खानावळ बंद करून जेवणाचे पैसे थेट बँक खात्यात द्यायचं ठरलं. त्याविरुद्ध विद्यार्थी पुण्याहून नाशिककडे पायी निघाले. रोख रक्कम नको, खानावळ द्या, ही त्यांची मागणी होती. कारणही साधं होतं: पैसे उशिरा जमा झाले तर भूक थांबत नाही, आणि घरी अडचण आली की खात्यातले पैसे आधी घरी जातात.

२०२४-२५ पासून संलग्न कॉलेजांतही नवं शैक्षणिक धोरण लागू झालं. आता इतिहासाच्या मुलीला दुसऱ्या शाखेतला एखादा विषय घेता येतो, क्षेत्र प्रकल्प आणि सेवा योजनेच्या कामालाही श्रेयांक आहेत. इंटरमधली ती जुनी व्याप्ती कागदावर परत आलीय आणि मला तिचा मनापासून आनंद आहे. पण दुसऱ्या शाखेतला तास दुपारी उशिरा पडला, तर सुरगाण्याच्या मुलीपुढे तो विषय की घरी जाणारी गाडी अशी निवड येते. वसतिगृहात जागा मिळालेली मैत्रीण तो विषय घेते आणि ही आधीच्या तासाला जे मिळेल ते घेते.