कार्डाचे बिल आणि खर्चाचा रकाना

क्रेडिट कार्डाचे बिल भरले की बँक खात्यातून रक्कम जाते. ती जाताना दिसते, म्हणून सॉफ्टवेअरमध्ये नोंद करताना हात आपसूक ‘खर्च’ या रकान्याकडे वळतो. हमखास चुकणारी नोंद ती हीच. खर्च खरेदीच्या दिवशीच झालेला असतो, बिल भरताना फक्त देणे फिटते. हिशेबनिसाला यात नवल वाटत नाही. पण घरगुती हिशेबाची सॉफ्टवेअर हिशेबनिसाच्या वहीतून नव्हे तर चेकबुकातून जन्मली, आणि या नोंदीभोवतीचा बराचसा घोळ त्या जन्माबरोबरच आलेला आहे.

नियम तसा जुना आहे. इटालियन गणिती लुका पाचोलीने १४९४ मध्ये व्हेनिसमध्ये छापलेल्या ग्रंथात दुहेरी नोंदपद्धत, म्हणजे प्रत्येक व्यवहार दोन खात्यांत मांडण्याची रीत, मांडली, आणि व्यापारी ती त्याच्याही आधीपासून वापरत होते. कीर्द-खतावणीच्या भाषेत सांगायचे तर खरेदीच्या दिवशी खर्च खाते नावे (डेबिट) आणि कार्ड खाते जमा (क्रेडिट). बिल भरण्याच्या दिवशी कार्ड खाते नावे आणि बँक खाते जमा. दुसऱ्या नोंदीत खर्चाचा उल्लेखच नाही. कार्डाच्या स्टेटमेंटवर मात्र आपण भरलेली रक्कम ‘जमा’ म्हणून छापून येते, कारण ते स्टेटमेंट म्हणजे कार्ड कंपनीच्या वहीचा उतारा. तिच्या वहीत आपण ऋणको, आपल्या वहीत ती धनको. दोन्ही वह्या आरशातल्यासारख्या उलट्या असतात, हे एकदा डोक्यात बसले की अधिक-उणे चिन्हांचा निम्मा गोंधळ मिटतो.

कार्डे आली तेव्हा हा प्रश्न घरगुती पातळीवर फारसा जाणवत नव्हता. १९५० मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेल्या डायनर्स क्लबचे बिल दरमहा पुरते चुकते करावे लागे. महिन्याची खरेदी आणि महिन्याचे बिल यांत फार अंतर नसल्याने बिलालाच खर्च मानले तरी वर्षाअखेरीस मोठा फरक पडत नसे. सप्टेंबर १९५८ मध्ये बँक ऑफ अमेरिकाने कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो शहरात सुमारे ६०,००० बँकअमेरिकार्डे लोकांना न मागता पोस्टाने पाठवली, आणि या कार्डावर शिल्लक पुढच्या महिन्यात ओढता येत होती. (हेच कार्ड १९७६ मध्ये व्हिसा झाले.) तिथून गणित बदलले. ज्याने १०,००० ची खरेदी करून १,००० भरले, त्याचा त्या महिन्याचा खर्च किती? बिलाला खर्च मानणारा १,००० म्हणेल. उरलेले ९,००० त्याच्या वहीत कुठेच नसतात आणि पुढच्या महिन्यापासून त्यांवर व्याज चढू लागते.

सुरुवातीच्या काळात ग्राहकाला स्टेटमेंटसोबत सह्या केलेल्या पावत्यांच्या प्रतीही मिळत. पावत्या वाढल्या, कागद हाताळणे परवडेना, आणि १९७० च्या दशकात बहुतेक बँकांनी पावत्या पाठवणे थांबवून तारीख, दुकानाचे नाव आणि रक्कम अशी एक ओळ छापायला सुरुवात केली. आज सॉफ्टवेअरमध्ये जी ओळ आयात होते, तिची आजी ती हीच. दुकानाची पाटी एक आणि स्टेटमेंटवरचे नाव भलतेच, ही तक्रारही तेव्हापासूनची. अमेरिकेत १९७४ च्या फेअर क्रेडिट बिलिंग कायद्याने चुकीच्या आकारणीबद्दल लेखी हरकत घ्यायला ६० दिवसांची मुदत दिली. त्यामुळे आपल्या पावत्या जपून स्टेटमेंटशी ताडून पाहण्याला पैशात मोजता येईल असे मोल आले.

मग घरगुती संगणक आले. स्कॉट कुक आणि टॉम प्रू यांनी १९८३ मध्ये इंट्यूट कंपनी काढली आणि पुढच्या वर्षी क्विकन बाजारात आणले. त्याच्या पडद्यावर चेकबुकाची हुबेहूब प्रतिकृती होती: तारीख, चेक क्रमांक, कोणाला, रक्कम, शिल्लक आणि एक वर्गवारी. ‘नावे’ आणि ‘जमा’ हे शब्द मुद्दाम टाळलेले. ही निवड व्यापारी दृष्टीने अचूक होती, लोकांना चेक लिहिता येत होते आणि तेवढेच पुरत होते. पण चेकबुकाच्या जगात बाहेर जाणाऱ्या प्रत्येक रकमेला वर्गवारी हवी. वीजबिलाचा चेक ‘वीज’ मध्ये जातो, मग कार्ड कंपनीचा चेक कशात टाकायचा?

दोन वाटा होत्या. पहिली म्हणजे चेकची रक्कम फोडणे. स्टेटमेंट समोर घेऊन कपडे इतके, पुस्तके इतकी, प्रवास इतका असे तुकडे त्या एका चेकखाली लिहायचे. बिल दरमहा पुरते भरणाऱ्याला ही पद्धत आजही चालते. तिची खोट एवढीच की खर्चाला खरेदीची नव्हे, चेकची तारीख लागते आणि अर्धवट बिल भरले की तुकड्यांची बेरीज जमत नाही. दुसरी वाट म्हणजे कार्डाचे स्वतंत्र खाते उघडून त्यात प्रत्येक खरेदी मांडणे आणि बिल भरताना वर्गवारीच्या जागी त्या खात्याचे नाव लिहिणे. क्विकनने हे नाव चौकोनी कंसात टाकले. कंस नसला की वर्गवारी, कंस असला की दुसरे खाते. पुढे नोंदींची ने-आण करणाऱ्या त्याच्या क्यूआयएफ फाइलमध्येही हीच खूण राहिली: ‘एल’ अक्षराने सुरू होणाऱ्या ओळीत कंसातले नाव आले तर ते हस्तांतर, म्हणजे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात गेलेली रक्कम. दुहेरी नोंद लोकांच्या नकळत घरात शिरली ती या दोन कंसांतून.

कंस विसरला तर काय होते, ते आकड्यांतच पाहावे. महिन्याच्या सुरुवातीला कार्डावर ६,२५० देणे आहे. महिन्यात १८,४०० ची खरेदी, ९०० चा परतावा, ३५० वार्षिक शुल्क, आणि जुने ६,२५० भरले. अखेरीस देणे १७,८५० आणि महिन्याचा निव्वळ खर्चही १७,८५०.

बिल ‘खर्च’ म्हणून मांडले तर खर्च २४,१०० दिसतो, आणि कार्ड खात्यात भरणा पोहोचलाच नाही म्हणून देणेही २४,१०० दिसते. दोन्हीकडे एकच आकडा यावा हा योगायोग नव्हे. सुरुवातीचे देणे जेवढे होते तेवढेच भरले, आणि तीच रक्कम एकीकडे जादा धरली गेली व दुसरीकडे वजा व्हायची राहिली.

याहून फसवी चूक वेगळीच आहे. बँकेच्या बाजूने ६,२५० खर्च आणि कार्डाच्या बाजूने ६,२५० उत्पन्न, अशा दोन सुट्या नोंदी होतात. दोन्ही खात्यांची शिल्लक स्टेटमेंटशी तंतोतंत जुळते, त्यामुळे ताळमेळ घालताना काहीच खटकत नाही. फक्त वर्षाच्या अहवालात उत्पन्न आणि खर्च दोन्ही फुगलेले असतात. अहवालात ‘इतर उत्पन्न’ अचानक भरघोस दिसले, तर आधी इथे पाहावे.

तिसरी चूक आयातीतून येते. बँकेची फाइल घेताना हस्तांतर तयार झाले, ते आपोआप कार्ड खात्यातही उमटले. मग कार्डाची फाइल घेतली आणि तिच्यातली भरण्याची ओळ नव्याने हस्तांतर म्हणून बसली. आता कार्डावरचे देणे ११,६०० दिसते आणि बँकेतून ६,२५० ऐवजी १२,५०० गेलेले दिसतात. दोन्ही खात्यांत अगदी एकाच रकमेचा फरक येणे ही दुबार हस्तांतराची ओळख.

क्यूआयएफमध्ये व्यवहाराला स्वतःची ओळख नसे, त्यामुळे ही दुबार नोंद रोखायला भक्कम आधार नव्हता. दरम्यान १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला क्विकनच्या स्वतःच्या कार्डाचे स्टेटमेंट फ्लॉपीवर किंवा मोडेमवरून मिळू लागले होते. हाताने टंकण्याचे कष्ट वाचण्याची ती सुरुवात. क्विकनसारखेच घरगुती हिशेबाचे मायक्रोसॉफ्ट मनी १९९१ मध्ये आले. १९९७ मध्ये मायक्रोसॉफ्ट, इंट्यूट आणि चेकफ्री या कंपन्यांनी मिळून ओएफएक्स हे अशा फाइलींचे सामाईक रूप जाहीर केले. त्यात कार्डाच्या स्टेटमेंटला बँक स्टेटमेंटपासून वेगळा साचा आणि प्रत्येक व्यवहाराला एफआयटीआयडी नावाचा क्रमांक मिळाला. तीच फाइल दोनदा घेतली तरी नोंद दुसऱ्यांदा बसत नाही ती या क्रमांकामुळे. मात्र हा क्रमांक एका खात्यापुरताच असतो. बँकेतून गेलेले ६,२५० आणि कार्डावर आलेले ६,२५० हा एकच व्यवहार आहे, हे दोन्ही फाइलींपैकी एकीलाही ठाऊक नसते. ती जोडी रक्कम आणि तारीख पाहून सॉफ्टवेअरने किंवा माणसाने लावायची असते.

आणि तारखा जुळत नाहीत. बँकेतून रक्कम २८ तारखेला निघते, कार्डावर ३० ला पोहोचते, स्टेटमेंट मध्येच २९ ला निघते. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये एका हस्तांतराला एकच तारीख असते. २८ ठेवली तर कार्डाच्या वहीत भरणा स्टेटमेंटच्या आधीचा दिसतो, पण छापील स्टेटमेंटवर तो नसतो. इथे पुष्कळजण तारीख ओढून-ताणून बदलतात, मग बँकेची बाजू बिघडते. तारखेला हात न लावता कार्डाच्या बाजूची ‘जुळली’ ही खूण पुढच्या स्टेटमेंटपर्यंत कोरी ठेवणे हा साधा उपाय, कारण ही खूण दोन्ही बाजूंना वेगवेगळी करता येते. ज्यांना दोन्ही तारखा काटेकोर हव्यात, त्यांनी ‘वाटेतले पैसे’ असे मधले खाते उघडून दोन हस्तांतरे करावीत. महिनाभराने त्या खात्यात शून्य नसेल तर कुठेतरी भरणा अडकला आहे.

चेकबुकाचा वेश झुगारून उघडपणे दुहेरी नोंद घरात आणली ती मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांनी. ग्नूकॅशची १.० आवृत्ती १९९८ ची. त्यात कार्ड हा खात्याचा वेगळा प्रकार आहे, स्तंभांची नावे ‘आकार’ आणि ‘भरणा’ अशा अर्थाची सोपी ठेवता येतात, आणि ज्याला हवे त्याला हिशेबाचे औपचारिक शब्दही लावता येतात. एक बारकी सोय विशेष नेमकी आहे: कार्डाच्या स्टेटमेंटचा ताळमेळ पुरा केला की लगेच भरण्याच्या नोंदीची खिडकी उघडते. आधी स्टेटमेंट पडताळायचे, मग पैसे द्यायचे, हा क्रमच त्यात बांधलेला आहे. २००३ मध्ये जॉन विग्लीच्या लेजरने खिडक्याही काढून टाकल्या आणि निव्वळ मजकुराची फाइल ठेवली. तिथे एका खरेदीचे दोन व्यवहार असे दिसतात:

२०२४/०३/०५ पुस्तके
    खर्च:पुस्तके    १,२००
    देणी:कार्ड    -१,२००

२०२४/०४/२० कार्डाचा भरणा
    देणी:कार्ड    १,२००
    मालमत्ता:बँक    -१,२००

प्रत्येक व्यवहाराची बेरीज शून्य व्हायलाच हवी, नाहीतर फाइल वाचली जात नाही. खर्च पहिल्यात आहे, दुसऱ्यात नाही, हे इतके उघडे इतर कुठे दिसत नाही.

चिन्हांचा त्रास मात्र इथेही सुटलेला नाही. सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली) फाइल देताना काही कार्ड कंपन्या खरेदी उणे दाखवतात, काही अधिक. पहिल्या आयातीनंतर एक परतावा शोधून तो देणे कमी करतो की वाढवतो एवढे पाहिले तरी पुरते. उलटे दिसले तर सगळी आयात रद्द करून चिन्ह बदलून पुन्हा घ्यावी, एकेक ओळ दुरुस्त करत बसू नये.

२००७ मध्ये मिंट आले आणि नोंद करण्याचे कामच सॉफ्टवेअरने अंगावर घेतले. सगळी खाती जोडायची, वर्गवारी ते लावणार. तिथे ‘कार्डाचा भरणा’ ही वर्गवारी हस्तांतरात मोडत असे आणि खर्चाच्या आलेखातून वगळली जाई. युक्ती चालते, पण ती कंसाइतकी पक्की नाही: दोन बाजू एकमेकींना बांधलेल्या नसतात, दोघींवर फक्त सारखे लेबल असते. एका बाजूचे लेबल चुकले की दुसऱ्या प्रकारची, न खटकणारी चूक तयार.

अंदाजपत्रकाच्या बाजूने याच प्रश्नाला वेगळे उत्तर मिळाले. वायनॅब (‘यू नीड अ बजेट’) या सॉफ्टवेअरच्या २०१५ अखेरच्या नव्या आवृत्तीत प्रत्येक कार्डाला ‘भरणा’ नावाचे एक पाकीट मिळाले. ‘पुस्तके’ या पाकिटात १,२०० बाजूला ठेवले असतील आणि पुस्तके कार्डावर घेतली, तर ते १,२०० त्याच क्षणी भरण्याच्या पाकिटात सरकतात. बिल येते तेव्हा पैसे तयार असतात आणि भरणा हे निव्वळ हस्तांतर राहते. नवशिक्याला हे अनाकलनीय वाटते, विशेषतः पाकिटात ८०० असताना १,२०० खर्च केले की: भरण्याच्या पाकिटात ८०० च पोहोचतात आणि ४०० चे नवे कर्ज तयार होते. तो आकडा सॉफ्टवेअरची चूक नव्हे, खरोखरचे देणे आहे.

मिंट मार्च २०२४ मध्ये बंद झाले आणि अनेकांच्या हाती वर्षानुवर्षांची एकच लांबलचक सीएसव्ही आली: तारीख, वर्णन, रक्कम, नावे की जमा, वर्गवारी, खाते. हस्तांतराची जोडी त्यात नाही. अशी फाइल दुसरीकडे नेताना आधी कार्डाच्या भरण्याच्या सगळ्या ओळी वेगळ्या काढाव्यात, समान रकमेच्या आणि पाचेक दिवसांच्या आतल्या नावे-जमा ओळींच्या जोड्या लावाव्यात, प्रत्येक जोडीतली एक ओळ खोडून दुसरीचे हस्तांतर करावे. जोडी न मिळालेल्या ओळी बहुधा न जोडलेल्या खात्यातून केलेल्या भरण्याच्या असतात, किंवा एकट्या लेबल चुकल्यामुळे सुटलेल्या. आणि प्रत्येक कार्डाची आरंभीची शिल्लक फाइलमधल्या पहिल्या तारखेच्या लगत आधीच्या स्टेटमेंटवरून देणे म्हणून भरावी. ती राहिली, तर पहिलाच भरणा ज्या खरेद्यांचा आहे त्या वहीत नसतात आणि कार्ड कंपनीच आपले देणे लागते असे दिसू लागते.