लघवीची नळी स्वस्त, मग बिल का फुगतं?

'नळी राहू द्या, पेशंटला उठायला नको. शे-दोनशेची तर वस्तू!' वॉर्डात हे सर्रास ऐकू येतं. नळी स्वस्त असते, हे खरंच. पण ती आत असेपर्यंत लघवीत जंतू शिरण्याची शक्यता दर दिवशी साधारण ३ ते ७ टक्के असते. सगळ्यांनाच त्याचा त्रास होत नाही. ज्यांना ताप येतो त्यांचं मात्र कल्चर (लघवीत कोणते जंतू आहेत ते शोधणारी तपासणी), शिरेतून अँटिबायोटिक, वर लांबलेला मुक्काम. खरा खर्च तिथे. बिल तारखेनुसार वाचून पाहा: नळीची ओळ एकच, तापानंतरच्या किती? लघवी तुंबलेल्याला नळी लागतेच. पण रोज राउंडला विचारावं, 'डॉक्टर, आज नळी काढता येईल का?' स्वतः ओढू नका, आत फुगवलेला फुगा असतो.