पॉवर ओव्हर इथरनेट

इथरनेटच्या, म्हणजे उपकरणे तारेने नेटवर्कला जोडण्याच्या पद्धतीच्या, केबलमधून डेटाबरोबरच डीसी वीज पुरवून पलीकडच्या टोकाचे उपकरण चालवण्याची पद्धत. व्यवहारात तिला ‘पीओई’ म्हणतात. छताजवळचा सीसीटीव्ही कॅमेरा, वाय-फायचा ॲक्सेस पॉइंट, टेबलावरचा आयपी फोन यांच्यासाठी वेगळा प्लग पॉइंट काढावा लागत नाही. वीज बहुधा नेटवर्क स्विचच, म्हणजे अनेक उपकरणांच्या केबल एकत्र जोडणारी पेटीच, देते; स्विच वीज न देणारा साधा असेल तर केबलच्या वाटेत इंजेक्टर, म्हणजे केबलमध्ये वीज सोडणारे वेगळे उपकरण, बसवतात. स्विचला यूपीएस जोडला की वीज गेल्यावरही सगळे कॅमेरे चालू राहतात. जुने लँडलाइन फोनही एक्सचेंजमधल्या ४८ व्होल्टच्या बॅटरीवर असेच चालत. पीओईचा दाबही त्याच्याच आसपास, ४४ ते ५७ व्होल्ट असतो.

केबलमध्ये पीळ दिलेल्या तारांच्या चार जोड्या असतात. डेटा म्हणजे एका जोडीतल्या दोन तारांमधला दाबाचा फरक. वीज मात्र ट्रान्सफॉर्मरच्या मध्यबिंदूतून दोन्ही तारांवर सारखीच सोडली जाते, त्यामुळे हा फरक बदलत नाही आणि डेटाला तिची बाधा होत नाही. एक जोडी धन आणि दुसरी ऋण, असे मंडल पुरे होते. १०० मेगाबिटच्या जोडणीत दोन जोड्या रिकाम्याच असतात, तेव्हा वीज त्यांच्यावरूनही नेता येते.

या पद्धतीचा खरा कस स्विचच्या सावधपणात आहे. केबल जोडताच तो पूर्ण दाब देत नाही. आधी २.७ ते १०.१ व्होल्टची चाचणी करून पलीकडे सुमारे २५ किलोओहमचा रोध आहे का, ते पाहतो. तो नसेल, उदाहरणार्थ पलीकडे साधा लॅपटॉप असेल, तर वीज सोडतच नाही. रोध सापडला की साधारण १५.५ ते २०.५ व्होल्टवर उपकरण किती प्रवाह ओढते त्यावरून त्याचा वर्ग, म्हणजे विजेची गरज, ठरवतो आणि मगच पूर्ण दाब देतो. पुढे उपकरण काढले आणि प्रवाह अगदीच घटला, तर अर्ध्या सेकंदाच्या आत पुरवठा बंद होतो. बाजारातल्या २४ व्होल्टच्या ‘पॅसिव्ह’ पीओईत ही विचारपूस मुळीच नसते. तिथे चुकीचे उपकरण जोडले तर ते जळू शकते.

आयट्रिपलई या संस्थेच्या २००३ च्या ८०२.३एएफ मानकानुसार स्विच एका पोर्टमधून, म्हणजे केबल जोडायच्या एका खाचेतून, १५.४ वॅट देतो, पण उपकरणाला १२.९५ वॅटच धरता येतात. हा फरक केबलचा. १०० मीटरची वाट आणि २० ओहमचा रोध धरला, तर ०.३५ अँपिअर प्रवाहाला २.४५ वॅट उष्णता होऊन जातात. २००९ च्या ८०२.३एटी मानकात हेच आकडे ३० आणि २५.५ वॅट झाले. २०१८ च्या ८०२.३बीटीने चारही जोड्या वापरून स्विचकडची मर्यादा ९० वॅटवर नेली, त्यातले ७१.३ वॅट उपकरणाला मिळतात.

स्विच घेताना पोर्ट मोजून भागत नाही, त्याचे एकूण पॉवर बजेट, म्हणजे सगळ्या पोर्टना मिळून तो किती वीज देऊ शकतो, ते पाहावे लागते. २४ पोर्टना प्रत्येकी १५.४ वॅट द्यायचे तर ३६९.६ वॅट लागतात. म्हणून ३७० वॅटचे स्विच सर्रास दिसतात. त्याच स्विचवर ३० वॅटची उपकरणे मात्र १२च पुरती चालतात. बजेट संपले की कमी प्राधान्याच्या पोर्टची वीज कापली जाते.

स्वस्तातल्या सीसीए केबलमध्ये तांब्याचा नुसता मुलामा असून आत ॲल्युमिनियम असते. तिचा रोध जास्त, त्यामुळे लांब अंतरावर दाब घसरतो आणि केबलही अधिक तापते. अशा जोडणीवर दिवसा सुरळीत चालणारा कॅमेरा अंधार पडून त्याचे इन्फ्रारेड दिवे लागताच पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होऊ लागतो. दोष मात्र बहुतेकदा कॅमेऱ्याच्या माथी मारला जातो.